कोरडा कापूस

३ ऑक्टोबर १८६४, अकोला

आज मोजणी खात्याचा राजीनामा दिला. कागदावर लिहून बघितलं की दिसायला बरं दिसतं. 

आमचे हेड कारकून सदाशिवपंत पुण्याचे. माणूस कडक, पण माझ्याकडून मोडी त्यांनीच घोटून घेतली आणि माळ्याच्या पोराला साहेबापुढे उभंही त्यांनीच केलं. कागद वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागतो आहेस, गोवर्धन. सरकारी भाकरी कोरडी असते, पण रोज असते." मी नमस्कार केला. निघताना म्हणाले, "पुढच्या पावसाळ्याआधी परत आलास तर साहेबांच्या कानावर घालीन. नाव तेवढं स्वच्छ ठेव." परत यायला जातो आहे की काय मी! रागच आला.

तीन हिवाळे साखळी ओढत बाळापूरपासून बार्शीटाकळीपर्यंत शेतं मोजली. काम जमिनीची प्रत लावायचं, पण माझा हात सारखा बोंडाकडे जाई. बनी वाणाच्या कापसाचा एक पुंजका चिमटीत धरून दोन्ही अंगठ्यांनी हळू ओढलं की धागा निघतच राहतो, तुटत नाही. मला त्या धाग्याचं वेड लागलं आहे. कोणत्या गावी कोणाच्या वावरात खरी बनी आहे, ते या वऱ्हाडात माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. हे मी फुशारकीने लिहितो आहे, पण खरं आहे.

आणि बाजारात काय चाललं आहे? अमेरिकेत लढाई पेटल्यापासून विलायतेला कापूस पुरत नाही. त्यामुळे जरीसारखं भरड वाण बनीत मिसळतात, पाला मिसळतात, धूळ मिसळतात, आणि वजन वाढावं म्हणून पाणी मारतात. सगळ्याला एकच भाव! मी निवडक बनी घेणार, कोरडी ठेवणार, आणि प्रत्येक बोज्यावर तांबड्या रंगाने एकच शब्द काढणार: कोरडा. दोन वर्षांत मुंबईची माणसं तो शब्द शोधत येतील.

माय मेथी निवडत बसली होती. बाबा गेल्यापासून तिने भाजीच्या पाटीवर मला वाढवलं. तिला सांगितलं.

"मंग पगार कोन देईन?"

"मीच मले देईन, माय."

"बरं. मंग पयल्या तारखेले स्वतःच्या दारात उभा राहून मागजो," म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

१० ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटायला खुशालराव आले. बार्शीटाकळीजवळच्या गावचे कुणबी, काळ्या जमिनीचे धनी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वावरात साखळी टाकली तेव्हा मला काठी घेऊन मारायला धावले होते. आणि त्याच दुपारी मला आपल्या घरी जेवू घातलं होतं. माझा बेत ऐकून बराच वेळ मिशी ओढत बसले.

"माई बनी आन भावांची बनी तुया बोज्यात. भागी म्हनून. पन एक सांग, काहून करून राहिला तू हे?"

मी धागा काढून दाखवला. त्यांनी धाग्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "येडा आहे बाप्पा पोट्टा." आणि आपट्याचं पान माझ्या हातात दिलं. म्हणजे ठरलं.

२२ नोव्हेंबर, बार्शीटाकळी

वेचणी सुरू. मी स्वतः बांधावर उभा राहतो, पाला आला की ओरडतो. वेचणाऱ्या बायांनी मला 'बनीचा नवरा' नाव ठेवलं आहे. शकुनला, खऱ्या बायकोला, हे कळलं तर हसेल. तिला चौथा महिना चालू आहे.

बाबांचं मोर्णा नदीकाठचं वावर विकून जे आलं ते सगळं यात घातलं. खतावर मायनेच अंगठा उठवला.

१८ डिसेंबर, अमरावती

परकोटाच्या आत गोदाम मिळालं. पुढे एक खोली, मागे लांब कोठार, कौलारू. दारात रेचे लावून बाया सरकी वेगळी करतात. दिवसभर कुरकुर चालते. माझ्या कानाला ती सनईपेक्षा गोड लागते.

रुई बोज्यात भरली की तोंड मी स्वतः शिवतो आणि 'कोरडा' लिहितो. नेम केला आहे की एकदा शिवलेलं तोंड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरच उघडायचं, आधी नाही. खुशालरावांना हे फार विनोदी वाटतं. आज म्हणाले, "जरासं पानी मारलं असतं ना लेका, त एवढ्या मालात एक बैलजोडी आली असती." मी इतका भडकलो की रेचे थांबले. खुशालराव हसत सुटले. "मजाक केली बे! मजाक समजते का तुले?"

समजते. पण ही नाही समजत.

१२ जानेवारी १८६५, संक्रांत

शकुनला बाळंतपणासाठी बाळापूरला माहेरी पोचवलं. अजून अवकाश आहे, पण इथे रुईच्या धुळीत तिला खोकला सुटायचा. गाडीत बसताना म्हणाली, "बोजे कमी मोजा, जेवन जास्त करा." मी हो म्हटलं. आज दुपारी तिळगूळ आणि चणे एवढंच खाल्लं आहे.

२ फेब्रुवारी

जेठाभाई आला. मुंबईच्या पेढीचा दलाल, इथला सगळ्यात मोठा. पान चघळत गोदामात फिरला, बोज्यांवरचा शब्द वाचला आणि म्हणाला, "सब का जो भाव, वही तुम्हारा भाव. आज बोलो, आज गाडी भरतो."

मी सांगितलं, हा माल निराळा आहे, याला निराळा भाव पाहिजे. तो हसला. "भाई, विलायत में कोन पूछता है निराळा?"

खुशालराव मागून माझा सदरा ओढत होते. मी नाही म्हटलं. जेठाभाई गेल्यावर ते दारात बसून राहिले. भाव चांगला होता, हे मलाही माहीत आहे. पण सगळ्यांच्या गोणीत माझी बनी ओतायची असती तर नोकरी का सोडली असती?

२६ फेब्रुवारी

माय आली! अकोल्याची आपली बाजारातली जागा शेजारणीला देऊन, भाजीच्या गाडीत बसून, एक गाठोडं आणि तिचा तो चेपलेला तांब्या घेऊन. माझं तोंड बघून म्हणाली, "खाते का नाई तू? काड्या झाल्या हातापायाच्या." रात्री पोळी, तुरीची डाळ आणि ठेचा केला. मी जेवताना रडलो की काय असं मला वाटलं, पण ठेचा तिखट होता.

कोठार दाखवलं. बोज्यांची रांग बघून तिने दोन्ही हातांनी कडाकडा बोटं मोडली. मी म्हटलं, "माय, मी बाजारात असलो की यावर नजर ठेव. माही सारी इज्जत आहे यात." म्हणाली, "तू जा बिनघोर. माल सांभाळनं मले शिकवतं का?"

१३ मार्च, धुळवड

ऊन तापायला लागलं. खुशालरावांसमोर माझं तोंड सुटलं. म्हटलं, या उन्हात माल दिवसेंदिवस सुकतो आहे, वजन उतरतं आहे, आधीच भाव डळमळतो आहे, सुकून सुकून शेवटी काय राहील! माय भाकरी थापत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्यापुढे असं बोलायला नको होतं, उगाच तिच्या जिवाला घोर.

खुशालराव म्हणाले, "मंग इकून टाक ना बाप्पा."

तेवढं सोडून बोला, मी म्हटलं.

२१ मार्च

एक गंमत नोंदवून ठेवतो. बाहेर अंगाची लाही होते, पण कोठारात पाऊल टाकलं की गार वाटतं. बोज्यांचं गोणपाट हाताला थंड लागतं. जाड भिंतींची करामत. माय आल्यापासून तर जास्तच. तिचा पायगुण म्हणायचा. आत एक ओळखीचा वासही येतो, लहानपणी बाजारातून आलेल्या तिच्या पदराला यायचा तसा. तिथे दोन घटका बसलो की बरं वाटतं.

तिने कोठाराच्या दाराशी कडुनिंबाचा डहाळा ठेवला आहे, रोज ताजा. दृष्ट लागू नये म्हणून असणार. मी इतकी वर्षं कचेरीत काढली, असल्या गोष्टी मानत नाही. पण काढून टाकला नाही. सध्या कोणी काही चांगलं करत असेल तर करू द्यावं.

२८ मार्च, पाडवा

खुशालरावांशी भांडण. भाव पुन्हा उतरला. त्यांचे भाऊ विचारतात, आमचा कापूस कुठवर कोंडून ठेवता? ते म्हणाले, "तुले माल इकायचा नाई. तुले त्याची पूजा करायची आहे." हे लागलं. लागलं म्हणजे खरं असणार, असं सदाशिवपंत म्हणत असत. पण पंतांना कापसातलं काय कळतं!

गुढी उभारली. मायने कडुनिंबाचा पाला दिला, तोंड कडू करून चावला.

९ एप्रिल

बाजारात अफवा, की अमेरिकेतली लढाई संपत आली. चार वर्षं हेच ऐकतो आहे. मारवाडी मात्र मिळेल त्या भावात माल काढताहेत. त्यांना काही कळलं असेल का? घाबरट आहेत, झालं.

पखालवाला तक्रार घेऊन आला. "तुमची माय दोनदोन पखाली घेते हो रोज. दोन माणसांच्या घरात कायले पाह्यजे येवढं पानी?" मायला विचारलं तर म्हणाली, "उनाळा आहे, लागते पानी." म्हातारीला उकाडा सोसत नाही. पखालवाल्याला गप्प केलं. आईच्या अंघोळीचा हिशेब विचारणारा मी मुलगा नव्हे.

१७ एप्रिल

झोप नाही. दिवसभर दारात बसून असतो, कोणी विचारायला येत नाही. जे आधी दाराशी गाड्या उभ्या करायचे ते आता रस्त्याच्या पलीकडून नमस्कार करतात. शेजारच्या अडत्याने आज विचारलं, मोजणी खातं अजून आहे का? मी हसलो. आत येऊन दार लावून बसलो.

शकुनचा दिवस जवळ आला. तिला आणि बाळाला मी काय खायला घालणार आहे?

२९ एप्रिल

काल अखजी, अक्षय्य तृतीया. मायने पितरांना घागर भरली. बाबांचं नाव घेताना म्हणाली, "पोराचा माल सुकू देऊ नका, बाप्पा." मी डोळे मिटून उभा होतो.

आणि आज काय व्हावं! जेठाभाईचा माणूस निरोप घेऊन आला. कोणा विलायती साहेबाला बनी पाहिजे, खरी, बिनपाण्याची, आणि तिला निराळा भाव द्यायला तो तयार आहे. निराळा भाव! मंगळवारी जेठाभाई येऊन बोजा फोडून बघणार. खुशालरावांना निरोप धाडला. माय, शकुन, पंत, सगळ्यांना मी सांगितलं होतं. 

२ मे, मंगळवार

जेठाभाई आला. बरोबर चार अडते, तमाशा बघायला. खुशालराव सकाळीच येऊन उभे होते, नवं पागोटं बांधून. मी बोजा बाहेर काढवला, सगळ्यांसमोर टाका उसवला. जेठाभाईने बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

तो हात काढताना त्याचं पान चघळणं थांबलं. मुठीत रुई होती, पिवळी, चिकट, मधे काळसर डाग, कुबट वासाची. मुठीतनं वाफ निघाल्यासारखी वाटली. त्याने ती माझ्यासमोर धरली आणि बोज्यावरचा शब्द मोठ्याने वाचला.

"कोरडा."

सगळे हसले. दुसरा बोजा फोडला, तोही तसाच. तिसरा फोडला. चौथ्यावर जेठाभाईने हात धुवायला पाणी मागितलं आणि म्हणाला, "बहोत पानी है तुम्हारे यहाँ." पुन्हा हसले.

मग मी काय केलं ते लिहितो, कारण ते माझ्याच्याने दुसऱ्या कोणाला सांगवणार नाही. मी वळलो आणि खुशालरावांचा गळा धरला. किल्ली तुमच्याकडेही होती! वजनाची गोष्ट तुम्हीच काढली होती! बैलजोडी पाहिजे होती ना तुम्हाला! सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असंही म्हटलं.

त्यांनी माझे हात सोडवले. मारलं नाही. खाली पडलेलं पागोटं उचललं, झटकलं, आणि बांधलं नाही, हातातच घेऊन निघून गेले.

माय दारात उभी होती. म्हणाली, "काय झालं रे? माल आवडला नाई का त्यायले?"

५ मे

तार आली. लढाई संपली. कापसाचा भाव कोसळला आहे, माझा असो की कोणाचा असो. म्हणजे बनी चांगली असती तरी सौदा पुरा व्हायच्या आत भाव गेलाच असता. सुटकेचा श्वास टाकावा असं क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याचीच किळस आली.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं.

७ मे

बाळापूरहून माणूस आला. मुलगी झाली. शकुन सुखरूप. मायने शेजारी गूळ वाटला. मी कोठारात जाऊन बसलो. गार वाटलं, वास आला, आणि या वेळी बरं वाटलं नाही.

१० मे

पहाटे जाग आली. माय अंथरुणात नव्हती. कोठाराचं दार लोटलेलं होतं, फटीतून उजेड येत होता.

ती आत होती. एका हातात तांब्या, दुसऱ्यात निंबाचा डहाळा. डहाळा पाण्यात बुडवून बोज्यावर शिंपडत होती, एका लयीत, जशी आयुष्यभर मेथीच्या जुड्यांवर आणि कोथिंबिरीवर शिंपडत आली तशी. एक बोजा झाला की खांद्यावरचं ओलं फडकं त्यावर नीट दाबायची आणि तेच उचलून पुढच्याकडे जायची. मधेच एका बोज्यावर हात ठेवून म्हणाली, "नीज बापा. आज नाई त उद्या जाशीन बाजारात."

मी दारातच बसलो. 

तिला चाहूल लागली. "उठला का? पाय, एकबी सुकू देला नाई मी. त्या दिशी तू बोलला ना, सुकून राहिला म्हनून. मले काहून सांगतलं नाई आधी? माल निजवताना पानी मारावं लागते, उनाळ्यात त दोनदा." आणि मग, जरा भीतभीत, "तरी त्यायनं काहून घेतला नाई रे?"

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो? हा कापूस आहे, मेथी नाही? तिने बाबांचं वावर विकलं, बाजारातली जागा सोडली, आणि पन्नास दिवस, साठ दिवस, किती ते देव जाणे, अंधारात उठून माझी इज्जत ओली केली. माझ्याच तोंडचं एक वाक्य धरून.

"भाव पडला, माय," मी म्हटलं. "तार आली."

"मंग माया मालाचा दोष नाई ना?"

"नाही."

तिने तांब्या खाली ठेवला आणि कमरेवर हात देऊन सरळ झाली.

११ मे

आमच्या खात्याचा शिपाई सहदेव कामानिमित्त अमरावतीत आला आहे. पंतांचा निरोप आणला. एक जूनपासून जागा आहे, साहेब घ्यायला तयार आहेत. "पन पंत म्हनाले, बाजारात काई पान्याची गोष्ट ऐकली. भागीदारानं केली म्हनून ऐकली. तुमचं नाव त्यात नाई ना, एवढं पक्कं करून ये म्हनाले." रविवारपर्यंत तो इथे आहे.

माझं नाव नाही. सगळं खुशालरावांच्या नावावर गेलं आहे, मीच टाकलं. आज समजलं की त्यांच्या भावांच्या बाकीच्या मालातही अडते कोपरापर्यंत हात घालून बघतात. बार्शीटाकळीच्या बाजारात पोरं त्यांना बघून 'कोरडा' म्हणतात. ज्या माणसाने माझ्या वेडापायी आपली बनी दिली त्याला!

मला एक जागा मिळू शकते. शकुनला, मुलीला, मायला खायला मिळू शकतं. फक्त गप्प राहायचं.

१२ मे

गप्प राहीन.

१३ मे

माय म्हणाली, "खुशालराव येत नाई आताशा. जेवाले बोलाव ना त्यायले. भला मानूस." आणि त्यांच्यासाठी म्हणून ठेवलेला बरणीतला लोणच्याचा भाग मला दाखवला.

खरं सांगितलं तर मायचं नाव बाजारात जातं. अकोल्याच्या बाजारात तिने कधी शिळी जुडी विकली नाही. त्या एका गोष्टीवर ती मान वर करून चालते. नाही सांगितलं तर खुशालराव. दोघांपैकी एकाला बुडवायचं, आणि मी काठावर कोरडा. हा शब्द आता मला पाहवत नाही.

१४ मे, रविवार

भर बाजारात जेठाभाईच्या गादीसमोर जाऊन उभा राहिलो. खुशालराव भावांच्या मालासोबत तिथेच होते, हे बघूनच गेलो. सहदेवही होता. मी म्हटलं, पाणी मी मारलं. वजनाच्या लोभाने मारलं. खुशालरावांना काही ठाऊक नव्हतं, त्यांच्यावर मी खोटा आळ घेतला.

वाटलं होतं आवाज फुटणार नाही. चांगला मोठा फुटला.

कोणी हसलं नाही. जेठाभाईने पिंक टाकली आणि म्हणाला, "आगे से इस बाजार में तुम्हारा बोजा नहीं उतरेगा." सहदेव माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "आता पंतायले काय सांगू?"

"ऐकलं ते सांग."

वाटेत खुशालरावांनी गाठलं. माझ्यापुढे उभे राहिले. "तू पानी मारलं?"

"हो."

"खोटं बोलतं. तुले त सपनात पानी दिसलं तरी तू दचकून उठतं." मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांना कोठाराच्या दाराशी ठेवलेला डहाळा आठवला की काय, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही. पागोटं सारखं केलं. "मायं नाव त्वा घालवलं, त्वाच आनून देलं. झालं. पन मी आता तुया संग येत नाई, गोवर्धन. माय कशी आहे?"

"बरी आहे."

"सांभाळ तिले," म्हणाले, आणि गेले.

१८ मे, अकोल्याच्या वाटेवर

गोदाम रिकामं केलं. ओला माल म्हणून बोजे कोणीतरी गाद्या भरायला उचलून नेले. त्या धाग्याच्या गाद्या!

बडनेऱ्याच्या पुढे गाडी सावलीला सोडली आहे. बैल पाणी पिताहेत. उजवीकडे रेल्वेसाठी घातलेली मातीची भर दिसते. पुढच्या साली इथून आगगाडी जाईल म्हणतात, त्यात कोणाकोणाचा कापूस असेल. मोजणी खात्यात आता जागा नाही. पंतांनी निरोपही पाठवला नाही. अकोल्यात मायची जागा शेजारीण परत देईल, भाजीची पाटी मी उचलीन. शकुनला काय सांगायचं ते ठरलं नाही.

 बाजारातल्या भाजीवाल्या बायांनी निघताना तिला रविवारची गोष्ट सांगितली, हे मला आत्ता कळलं. भाकरी सोडताना ती एकदम म्हणाली, "तूबी पानी मारत होता?"

मी मान डोलावली.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही. माझ्या गालावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

"अरे पोरा, मले इचारायचं ना. मी मारतच होती. दोघांईनं मारलं, म्हनून जास्त झालं."

"हो माय," मी म्हटलं. "माझंच चुकलं."

तिने भाकरीचा मोठा अर्धा माझ्यापुढे ठेवला, आणि राहिलेला तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला, संध्याकाळपर्यंत वाळू नये म्हणून.